कोपऱ्यातली काच

घरच्या माणसाला वाचून दाखवण्यासाठी. कारणाच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं, आणि त्याच्या शेजारी, खेळाडूच्या रकान्यात, माझ्या नवऱ्याचं नाव होतं. डेल फ्रीसन. मी ते दोनदा वाचलं. कपात उरलेली गार कॉफी प्यायले आणि पुन्हा वाचलं. घरच्या माणसाला. कुणाच्या घरच्या? डेलचं घर म्हणजे मी. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ पार समुद्राकाठी मधमाश्या पाळतो आणि त्याला बर्फावरच्या हॉकीचं वावडं आहे, मूलबाळ आम्हाला नाही. मग डेलने कधीकाळी किती गोल मारले हे वाचून दाखवायला आमच्या विनिपेगमधल्या घराबाहेर आणखी कुणाचं घर कुठून उगवलं? खिडकीबाहेर उणे तीसचा उजेड पडला होता, कोरडा आणि पांढरा, डोळ्यांना बोचणारा. मला मात्र वेगळंच काहीतरी बोचलं. त्याचं नाव मला लगेच कळलं. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, मत्सर मला ओळखता येतो.

आमचं टूल माणसं वापरत नाहीत. माणूस आपल्या एजंटला विचारतो की अमक्याने तमक्या सामन्यात काय केलं. एजंट म्हणजे हल्ली ज्याच्या त्याच्या फोनमध्ये बसलेला तो गोड बोलणारा एआय. त्याला सगळं बोलता येतं, फक्त खरं काय ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसलं की तो बेधडक ठोकून देतो. म्हणून त्याने आमचं दार वाजवायचं, खेळाडूचं नाव आणि तारीख सांगायची. आम्ही आकडे द्यायचे, गोल, पास, शिक्षेची मिनिटं, आणि त्याने ते नेऊन आपल्या माणसाला वाढायचे. हे दार मी बांधलं. आमच्या सहा जणांच्या कंपनीत बाकीच्यांनी भिंती बांधल्या असतील, दार माझं. त्याचा एक नियमही माझाच होता आणि त्यासाठी मी कितीदा भांडले आहे: जे नोंदीत नाही, ते नाही म्हणायचं. अंदाज नाही, सरासरी नाही, रिकाम्या जागेत गोड काहीतरी भरणं नाही. आणि जाता जाता कशासाठी हवं तेही एजंटने लिहावं, हा कारणाचा रकानाही माझीच हौस. त्यात बहुतेक वेळा काहीच नसतं, किंवा ऑफिसातल्या पैजेसाठी, किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी. रोज सकाळी आदल्या दिवशीची कारणं वाचणं हा माझा चोरटा आनंद होता. चहाड्या ऐकायला मिळतात आणि चहाडखोर म्हणून नाव होत नाही.

टूलमध्ये मोठ्या लीगचे खेळाडू होते तोवर सगळं ठीक होतं. सस्कॅचवनमधल्या त्या पोरासोरांच्या लीगच्या जुन्या नोंदी घ्यायचा आग्रह मी धरला. कुणी विचारणार नाही, असं सगळे म्हणाले, आणि खरंच कुणी विचारत नव्हतं. मी म्हटलं, पूर्णता हवी. पूर्णता कसली, मला डेल हवा होता. तो खेळत असताना मी त्याला ओळखतही नव्हते. मला मिळाला तो गुडघा गेलेला, घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा, हॉकीचं नाव काढलं की 'संपलं ते' म्हणून ताटाकडे बघणारा माणूस. त्याची ती तीन वर्षं माझ्या घरात कधी आलीच नाहीत. म्हणून मी ती दुसऱ्या वाटेने आणली, आकड्यांच्या. कधी दुपारी काम नसलं की मी स्वतःच दार वाजवायची, डेल फ्रीसन, आणि तो यायचा, अठरा वर्षांचा, दोन गोल, एक पास. आणि आता त्याच दाराने दुसरीच कुणीतरी आत आली होती. दुसरी असंच माझ्या मनात आलं. दुसरा किंवा दुसरं असं नाही आलं.

"अते, भूत पाहिलंस काय?" रॉमेलने विचारलं. तो माझ्यासमोर बसतो, मला त्याच्या फिलिपिनो भाषेत ताई म्हणतो आणि ताईला देतात तेवढाच त्रास देतो. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने वाचलं आणि शीळ घातली. "बघ बघ. नवरा प्रसिद्ध झाला तुझा. आता तो भांडी घासणार नाही."

"रोज विचारतायत," मी म्हणाले. तोवर मी मागचं सगळं उपसून काढलं होतं, कारणाचा रकाना कोरा असल्याने आजवर नजरेतून सुटलेलं. नाताळच्या आधीपासून रोज संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, एक सामना. एका दिवशी एकच. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सामन्यापासून ओळीने, एकही न गाळता. आता तिसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी चालला होता. "आकडेवारीवाले असे विचारत नाहीत, रॉमेल. ते सगळा हंगाम एकदम उचलतात. हे कुणीतरी जगतंय."

"मग जगू दे की," रॉमेल म्हणाला. "फुकट आहे आपलं."

पण मला ते फुकट वाटत नव्हतं. घरी जाताना गाडीचं स्टिअरिंग हातमोज्यांतूनही गार लागत होतं आणि मी डेलच्या आयुष्यातल्या बायका मोजत होते. मोजायला फारशा नव्हत्याच, त्यामुळे नोएलावर लगेच पोचले. डेल सोळा वर्षांचा असताना क्लबने त्याला सेंट-ओडीलला नेलं. आमच्याकडे ही रीतच आहे, पोरगं चांगलं खेळलं की सोळाव्या वर्षी घर सोडतं आणि क्लबच्या गावात कुणा अनोळखी कुटुंबात राहून खेळतं. त्या कुटुंबाला बिलेट म्हणतात. बिलेटची आई त्याला रांधून घालते, त्याचे घामट कपडे धुते आणि सामन्याला जाऊन ओरडते. डेलला मिळाल्या त्या लॉरेट गान्यों, आणि त्यांची मुलगी नोएला, त्याच्याहून एका वर्षाने लहान. तीन वर्षं एका छपराखाली. आमच्या लग्नात मी तिला एकदाच पाहिलं. तांबूस केस, सैल हसणं, आणि बोलताना डेलच्या बाहीवरचा धागा काढायची सवय, जणू ती बाही कालच तिने इस्त्री केली होती. चर्चच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तिनेच मला ती गोष्ट सांगितली. मम, म्हणजे लॉरेट, रिंकमध्ये, बर्फाच्या मैदानाशी, नेहमी गोलामागच्या कोपऱ्यात काचेला लागून बसायच्या, कारण त्यांना लांबचं दिसायचं नाही. आणि डेल बर्फावरून बाहेर जाण्याआधी त्या कोपऱ्यात यायचा आणि स्टिकने काचेवर दोनदा टकटक करायचा. मी धड आहे, एवढाच त्याचा अर्थ. "दर वेळी," नोएला म्हणाली. "गोल खाल्ला तरी. ममने काचेला पलीकडून हात लावला की मगच जायचा." मी हसले. नवरीला हसावंच लागतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं होतं, की कोपऱ्यातल्या त्या काचेशी नोएलाही बसत असणार.

डेल घरी आला तेव्हा मी मेनोनाइट, म्हणजे त्याच्या घरच्या पंथाचं, सॉसेज तव्यावर टाकलं होतं, त्याला आवडतं म्हणून, आणि सोबत माझ्या माहेरच्या पिरोगी, बटाटा भरलेल्या करंज्या. आमचं लग्न असं ताटात दिसतं. त्याने बूट काढले, भट्टीची काजळी लागलेले हात धुतले आणि माझ्या मानेला गार नाक लावलं. मी तव्याकडे बघत म्हणाले, "सेंट-ओडीलच्या लोकांची काही खबर?"

"का?"

"सहज. नाताळचं कार्ड नाही आलं या वर्षी."

"नोएला विसरली असेल," तो म्हणाला. मी विचारलं होतं लोकांचं, आणि उत्तरात नाव आलं तिचं. बरोबरच आहे, कार्ड तीच लिहिते, दर वर्षी तिचंच अक्षर असतं. पण संशयाचं असं आहे, त्याला दाणा टाकावा लागत नाही, तो टाचणीसुद्धा चघळतो. "आई बरी नाही तिची," डेल पुढे म्हणाला आणि मोहरीची बाटली जोरात दाबली. "म्हातारी झाली."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीतरी बोललं." एवढं म्हणून त्याने जेवायला सुरुवात केली. डेलला खोटं बोलता येत नाही, तो फक्त बोलणं थांबवतो. मी त्याच्या जबड्याकडे बघत राहिले आणि मला नाताळच्या आधीचा तो दिवस आठवला. ब्रँडनला एका चर्चची भट्टी बंद पडली म्हणून तो पहाटे गेला होता आणि संध्याकाळी परत आल्यावर किती वेळ गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिला होता, इंजिन बंद करून. मी दार उघडून हाक मारली तेव्हा म्हणाला, पाठ धरली आहे. ब्रँडन हे गाव सेंट-ओडीलच्या वाटेवरच आहे. मी पिरोगी चावत होते आणि मला तिची चव लागत नव्हती. विचारणा सुरू झाल्या त्या त्याच आठवड्यात.

खातं कुणाचं आहे ते बघायचं नाही, हाही नियम आमच्याकडे आहे, आणि तो माझा नाही म्हणून असेल, दुसऱ्या दिवशी मी तो मोडला. रॉमेल जेवायला गेला होता. एन. गान्यों, सेंट-ओडील. मला जिंकल्यासारखं वाटलं, आधी तेच वाटलं, आणि मागून बाकीचं आलं. मग मी तिथे बसूनच सगळं रचलं. नोएला नवऱ्यापासून वेगळी झाली आहे हे मला कुठूनतरी ठाऊक होतं. तिचं स्वयंपाकघर, टेबल, टेबलावर फोन. तिने डेलला फोन केला असेल, तो गेला असेल, ते दोघं त्या टेबलाशी बसले असतील आणि ती म्हणाली असेल, आठवतं तुला, तो सामना? आणि डेल, माझ्यासमोर ताटाकडे बघणारा, तिच्यासमोर बोलला असेल. मला त्याचं राहणं, झोपणं, काहीच तितकं टोचलं नाही जितकं ते बोलणं. आणि आता रोज ती त्याचा एक एक सामना वाचते, वर तोंड करून लिहिते, घरच्या माणसाला. तिला एक मुलगी आहे, तिला वाचून दाखवत असेल. हा बघ, हा माझा होता. आणि आकडे कुणाचे? माझे. त्या लीगच्या नोंदी मी मिळवल्या, रांगेत लावल्या, चुका काढल्या. मीच पाणी भरायचं आणि तिने अंघोळ करायची.

म्हणून मी ती लीग बंद केली. फार काही करावं लागत नाही, यादीत लीगच्या नावापुढची एक खूण काढायची. दुसरं कुणी विचारतच नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. टूलचं ठरलेलं उत्तर जाईल: नोंद उपलब्ध नाही, गरज असल्यास कारण सविस्तर लिहा. ते वाक्यही माझंच. मी संध्याकाळी ऑफिसातच थांबले, डेलला काम आहे म्हणून कळवलं आणि विचारणांची खिडकी उघडी ठेवून बसले. मला बघायचं होतं. दारावर थाप पडते आणि दार उघडत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यात एक गोडी असते, ती मी नाकारत नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीची काच खरवडत होतं.

जेवणाच्या वेळेला थाप पडली. डेल फ्रीसन, तिसरं वर्ष, पुढचा सामना. घरच्या माणसाला वाचून दाखवण्यासाठी. टूलने सांगितलं, नाही. लगेच दुसरी थाप. सांगितल्याप्रमाणे एजंटने कारण वाढवलं होतं, ते असे आज्ञाधारक असतात: वापरकर्तीच्या आईला रोज जेवणाआधी हा सामना सांगितला जातो. नाही. तिसरी: आईंना स्मृतिभ्रंश आहे. खेळाडू त्यांच्या घरी राहत असे. तो आज कसा खेळला हे कळल्याशिवाय त्या जेवायला बसत नाहीत. नाही, म्हणालं माझं टूल, नोंद उपलब्ध नाही, गरज असल्यास कारण सविस्तर लिहा. मी पडद्याकडे बघत होते आणि माझे हात मांडीवर होते. चौथी थाप जरा उशिरा आली: कालचा सामना पुन्हा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, हा झालाय. त्या कोट घालून दाराशी उभ्या आहेत. म्हणतात, तो अजून आला नाही, म्हणजे त्याला लागलं असणार. कृपया काहीही नोंद असल्यास द्या.

मी खूण परत लावली. बोट चुकलं, पुन्हा लावली. आकडे गेले: एक गोल, एक पास, शिक्षा नाही. मग खिडकीत काहीच आलं नाही. एजंट आभार मानत नाहीत, आणि मानले असते तर मला सहन झाले नसते.

लाज वाटली, वाटायलाच हवी होती. पण मत्सर काही उठून गेला नाही. तो खुर्ची बदलून बसला. गाडीत मला आता नोएला दिसत नव्हती, कोट घातलेल्या लॉरेट दिसत होत्या. त्यांना पोटच्या मुलीचं नाव आठवत असेल की नाही देव जाणे, आणि डेल जेवला की नाही याची काळजी मात्र तशीच्या तशी. त्याला त्या अजून बर्फावर बघत होत्या. मी त्याच्याबरोबर बावीस वर्षं राहिले, त्याचा घोरण्याचा सूर मला पाठ आहे, आणि तरी त्याला उशीर झाला म्हणून कोट घालून दाराशी मी कधी उभी राहिले नाही. मी फोन करते. डेल स्वतःच्या आईला मदर म्हणायचा, आणि त्या मदर एकाही सामन्याला गेल्या नाहीत, त्यांच्या चर्चला ती उनाडकी वाटायची. मम फक्त लॉरेट. आणि मी? रविवारी दुपारी डेल अजूनही खेळतो, चाळिशी उलटलेल्यांच्या लीगमध्ये, गुडघ्याला पट्टा बांधून. मी एकदाही गेले नाही. एकदा लग्नानंतर लगेच विचारलं होतं, तर म्हणाला, थंडी वाजेल तुला. मी ते खरं धरलं, कारण ते सोयीचं होतं, आणि मग वर्षानुवर्षं रागावले, कारण तेही सोयीचं होतं.

"आता पुढे काय?" दुसऱ्या दिवशी मी रॉमेलला सगळं सांगून टाकलं, बंद केलं तेही. मग मीच पुढे म्हणाले, "थोडेच सामने उरलेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचा गुडघा गेला. त्या सामन्यात गोल नाही, पास नाही, काही नाही. त्याच्यापुढे कोरं."

"दोनचार बनवून टाक, अते. दोन गोल, एक पास. कोण जाणार तपासायला?"

"आपलं टूल खोटं सांगत नाही."

"बंद मात्र पडतं," रॉमेल म्हणाला. मग त्यालाच वाईट वाटलं आणि त्याने आपल्या डब्यातली एक लुंपिया, तळलेली सारणाची गुंडाळी, माझ्यापुढे ठेवली.

रविवारी डेल बॅग घेऊन निघाला तेव्हा मी कोट घालून दाराशी उभी होते. "कुठे?" त्याने विचारलं. "तुझ्याबरोबर," मी म्हणाले. त्याने बॅग खांद्यावर घेतली. "थंडी वाजेल." "वाजू दे." रिंकमध्ये रबराचा आणि ओल्या मोज्यांचा वास होता, आणि बघायला कुत्रंही नव्हतं. दोनतीन बायका वरच्या बाकावर ब्लँकेटं गुंडाळून गप्पा मारत होत्या. मी मधोमध बसले, जिथून सगळं दिसतं. डेल बर्फावर उतरला आणि मला धक्काच बसला, कारण तो लंगडत नव्हता. घरात जिना चढताना कठडा धरणारा माणूस इथे पाण्यावरून गेल्यासारखा जात होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आकड्यांत हे नसतं. मी इतकी वर्षं त्याचे गोल मोजत होते आणि तो कसा वळतो ते मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते अर्धं थंडीचं होतं. मध्येच त्याने भिंतीजवळून चकती काढली, एका टकल्याला दिली, टकल्याने दाढीवाल्याला दिली आणि दाढीवाल्याने गोल मारला. सगळे दाढीवाल्याच्या अंगावर पडले. आमच्या खेळात गोलाआधीच्या दोन्ही पासांचं श्रेय मिळतं, शेवटच्याचं आणि त्याच्या आधीच्याचंही. त्याच्या लोकांत लग्नाला दहा-दहा धर्मपिते असतात, त्यांतल्या दहाव्यासारखं, असं रॉमेल म्हणतो. तो आधीचा पास डेलचा होता. मग तो बदली व्हायला बाहेर निघाला, पण सरळ गेला नाही. गोलामागून वळसा घातला, माझ्या पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि स्टिकने काचेवर दोनदा टकटक केली. तिथे कुणी नव्हतं, रिकामा बाक होता आणि वर कुणीतरी विसरलेला हातमोजा. त्याने क्षणभर वाट पाहिली आणि मग तो गेला. दर वेळी तो असंच करत होता. वरच्या बायकांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

परत येताना गाडी तापेपर्यंत आम्ही दोघं वाफा सोडत बसलो. मी म्हणाले, "लॉरेट जेवत नाहीत. तुझा सामना सांगितल्याशिवाय."

"मला माहीत आहे." तो काचेतून पुढे बघत होता. "मी गेलो होतो. नाताळच्या आधी. ब्रँडन नव्हतं ते."

"तेही मला माहीत आहे."

"तिने मला ओळखलं नाही, लॅरिसा. मी समोर बसलो, हात धरला. ती म्हणाली, तुम्ही भट्टी बघायला आलात ना? बसा, माझा मुलगा सामन्याला गेलाय, येईलच. आणि दाराकडे बघत बसली." त्याने नाक ओढलं. "मी भट्टी तपासली. फिल्टर बदलला. दुसरं काय करणार?"

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की अख्ख्या जगात माझी वाट बघणारं एक माणूस आहे आणि मी समोर असून चालत नाही?" मी हे ऐकलं आणि मला लागलं, वाट बघणारं एक. मीही मोजणीत होते की नाही हे विचारायची ही वेळ नव्हती, पण मनाला वेळ कळत नाही. मग तो म्हणाला, "निघताना नोएला रडत होती. म्हणाली, हिला रोज काय सांगू, मला काही आठवत नाही, मी सामन्यांना जायचेच नाही, मला कंटाळा यायचा. तेव्हा मी तिला तुझं टूल सांगितलं. म्हटलं, माझ्या बायकोने बांधलंय. मी त्यात आहे. एकही सामना चुकायचा नाही, तिने सगळे ठेवलेत."

गाडी तापली होती. मी हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "तुला कसं कळलं तू त्यात आहेस ते?"

"तुझी कंपनी ती लीग घेणार म्हणालीस तेव्हाच. त्या लीगला माझ्याशिवाय विचारतंय कोण?" तो पहिल्यांदाच हसला, ओठाच्या एका कडेने. "मध्ये एक दिवस बंद पडलं होतं म्हणे."

"हो," मी म्हणाले. "दुरुस्त केलं."

गुडघ्याचा सामना आला त्या संध्याकाळी टूलने सगळी शून्यं सांगितली. लॉरेट कशाबशा जेवल्या असाव्यात, रकान्यात वेगळं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी मी नवी लीग उघडली, चाळिशी उलटलेल्यांची, विनिपेग. त्यात एकच खेळाडू आणि एकच सामना. डेल फ्रीसन, तारीख त्या रविवारची, गोल शून्य, पास एक, दुखापत नाही. हे सगळं खरं होतं. वर्ष कुठलं हे लॉरेट विचारणार नव्हत्या. नोंद कुणी केली या रकान्यात माझं नाव घातलं, पूर्ण, लॅरिसा फ्रीसन, जरा ठसक्यातच. एजंटने दार वाजवलं, घेऊन गेला, आणि तासाभराने कधी नव्हे तो परत आला, विचारायला काही नसताना, फक्त कारणाचा रकाना भरून: वापरकर्तीच्या आई म्हणाल्या, हा नवा आहे. आता रविवारी रविवारी नवा मिळेल का?

पुढच्या रविवारी मी मधोमध बसले नाही. कोपऱ्यात गेले, बाकावरचा हातमोजा बाजूला केला आणि काचेला लागून बसले. तिथून खेळ धड दिसत नाही, सगळं अंगावर येतं आणि निघून जातं. डेल वळसा घालून आला. मान खाली होती, तो धापा टाकत होता, आणि त्याने सवयीने काचेवर दोनदा टकटक केली. मी माझ्या बाजूने हात लावला. काच गार होती. मग त्याने वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी दुसऱ्याच कुणाला बघितल्याचं काहीतरी आलं आणि मग मी आले. दोन्ही मी पाहिली. दोन टकटकींपैकी पहिली लॉरेटची आहे, ती मी घेणार नाही. दुसरी मी ठेवून घेतली.